सातानंतर थेट दहा!

‘एएन३-७ए’ या बोल्टपेक्षा एक माप लांब बोल्ट कोणता? ‘एएन३-८ए’ म्हणून खण शोधायला निघालात, तर शोधतच राहाल. सातानंतर थेट दहा! शेवटचा आकडा लांबी सांगतो, तीही इंचाच्या आठव्या भागांत: ७ म्हणजे साधारण सात अष्टमांश, १० म्हणजे एक पूर्ण इंच आणि वर शून्य अष्टमांश. ८ आणि ९ जन्मालाच आलेले नाहीत. आधीचा ३ ही जाडी, इंचाचे तीन सोळांश. शेवटचा ‘ए’ म्हणतो, दांड्याला पिनेचं भोक नाही.

घरच्या गॅरेजात विमान बांधणाऱ्यांना ही बाराखडी गिरवावीच लागते. अमेरिकेत ओरेगनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी ‘आरव्ही’ विमानांची किट विकते. एकेका विमानाला हजारो रिव्हेट लागतात. मिसळणाच्या डब्यात हळद-तिखट रंगावरून ओळखता येतं. इथे सगळंच चंदेरी नाहीतर पिवळट. खणावर नंबराची चिठ्ठी हवीच.

रंगाचं सुख फक्त क्लिकोंना, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या चापांना. चंदेरी सगळ्यात बारीक, मग तांबूस, मग काळा.

रिव्हेटचं मात्र डोकं वाचावं. मधोमध बारीक खळगा असेल तर नेहमीचा ‘एडी’. अगदी गुळगुळीत असेल तर शुद्ध ॲल्युमिनियमचा, मऊ. दोन उंच रेघा दिसल्या तर ‘डीडी’, आणि याचं घर चक्क फ्रीजर! तापवून पाण्यात विझवला की तो काही काळ मऊ राहतो, मग आपोआप कडक होतो. गारठ्यात हे कडक होणं लांबतं. घरच्या किटला सहसा तो लागत नाही, मटार सुखरूप!

नायलॉनची कडी असलेले नट १२१ अंश सेल्सियसपुढे चालत नाहीत. इंजिनाजवळ पूर्ण धातूचेच. दोघांचे खण शेजारी नसलेले बरे.

रिव्हेट सांडले? चुंबक शोधू नका. ॲल्युमिनियम आहे, झाडू घ्या.

खणांचा एवढा बाऊ कशाला, असं वाटत असेल तर १० जून १९९० आठवा. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सुमारे १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं; कॅप्टन वाचला. काच उड्डाणाच्या जेमतेम २७ तास आधी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. बसवणाऱ्याने अपुऱ्या उजेडात जुन्या बोल्टशेजारी नवा धरून नजरेनेच माप जुळवलं होतं. खणावरचा नंबर त्याने पाहिलाच नव्हता.