सोळाव्या वर्षाची समज आणि कलम 15

सोळा ते अठरा वयातल्या मुलावर खून किंवा बलात्कारासारख्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप आला, की बाल न्याय मंडळापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. याचा खटला बालक म्हणून चालवायचा, की प्रौढ म्हणून? त्यासाठी 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15ने प्राथमिक मूल्यमापन सांगितलं आहे. गुन्हा करण्याची त्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता होती का, परिणामांची त्याला समज होती का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे मंडळाने पाहायचं. म्हणजे शांत खोलीत, टेबलापलीकडे बसलेल्या मुलाला कुणीतरी विचारणार, चाकू मारला की माणूस मरू शकतो हे तुला माहीत होतं का? मुलगा हो म्हणणार.

त्याला ते माहीत असतंच. पण त्या होकारावरून फारसं काही कळत नाही. गेल्या पाव शतकातलं मेंदूविज्ञान हे सांगत आलं आहे, आणि आपल्या कायद्याच्या भाषेत मात्र ते अजून उतरलेलं नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने जवळजवळ प्रौढाइतका असतो, म्हणून तो पूर्ण घडला अशी समजूत बराच काळ होती. अमेरिकेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले. 1999मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा दिसलं की पौगंडावस्थेत मेंदूची मोठी फेरबांधणी चाललेली असते. न वापरलेल्या जोडण्या गळतात, उरलेल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. कपाळामागचा भाग, म्हणजे आवेग आवरणारा आणि पुढचा विचार करणारा भाग, हे काम सर्वांत शेवटी संपवतो, विशीच्या मध्यापर्यंत. उलट बक्षिसाने, थराराने, कौतुकाने उत्तेजित होणारी खोलवरची केंद्रं वयात येतानाच तीव्र होतात. मधली काही वर्षं या दोघांचा मेळ बसत नाही.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा 2005चा प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ होता, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे दामटायचं, असा. एकटे खेळताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फारसा फरक नव्हता. बरोबरीचे मित्र शेजारी बसले, आणि 13 ते 16 वयातल्या मुलांनी घेतलेली जोखीम जवळपास दुप्पट झाली. चोविशीपुढच्या प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा परिणाम झाला नाही. 2011मध्ये असाच एक खेळ स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला दिला, तेव्हा मित्र दुसऱ्या खोलीतून पाहत आहेत एवढ्या माहितीनेच किशोरांच्या मेंदूतली बक्षीसकेंद्रं जास्त पेटली. किशोरांचे गुन्हे बहुतेकदा टोळक्याने का होतात, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक सणसणीत आक्षेप नोंदला गेला. 2005च्या ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ निकालाने अठराखालच्या वयात केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी देणं घटनाबाह्य ठरवलं. विरोधी मत देणाऱ्या न्या. अँटोनिन स्कालिया यांनी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेलाच धारेवर धरलं. गर्भपाताच्या खटल्यात किशोरींना प्रौढांइतकी समज असते असं तुम्हीच सांगितलं होतंत, मग आता उलटं कसं सांगता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. आक्षेप रास्त होता आणि त्याने विज्ञानाला नेमकं बोलायला लावलं. स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचं उत्तर असं: डॉक्टरांशी बोलून, वेळ घेऊन ठरवणं ही एक क्षमता, रागात, नशेत, मित्रांच्या चिथावणीत स्वतःला आवरणं ही दुसरी. 2019मध्ये भारतासह 11 देशांतल्या, 10 ते 30 वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली क्षमता सोळाच्या आसपास प्रौढांच्या पातळीला पोचते, दुसरी अठरानंतरही वाढत राहते, हेच चित्र त्यात दिसलं.

आता कलम 15 पुन्हा वाचा. शांत खोलीत त्याखाली जी समज सहज मोजता येते, ती नेमकी सोळाव्या वर्षी तयार झालेली असते. मग सोळा-सतरा वर्षांची बहुतेक मुलं या कसोटीवर ‘प्रौढ’ ठरणार, यात नवल ते काय? हा माझा मुख्य आक्षेप आहे. 2012च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतरचा संताप खरा होता. पण न्या. वर्मा समितीने तेव्हाही वयोमर्यादा खाली आणायला नकार दिला होता, आणि डिसेंबर 2015मध्ये संसदेने हा मधला मार्ग काढला. पुढे जुलै 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे. हे मोठं पाऊल होतं. पण तज्ज्ञाने विचारायचं काय, हा प्रश्न उरतोच.

एमआरआय काढून एखाद्या मुलाची परिपक्वता ठरवता येईल, असं मात्र कुणी समजू नये. हे सगळे निष्कर्ष सरासरीचे आहेत. पंचविशी ही काही वैद्यकीय सीमारेषा नाही, आणि मेंदू घडतो आहे म्हणून जबाबदारीच नाही, असंही कोणता शास्त्रज्ञ म्हणत नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला मारणाऱ्याचं वय सांगून दिलासा मिळत नसतो. मे 2024मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला, आणि सतरा वर्षांच्या आरोपीला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा लोक चिडले. ते चिडणं मला समजतं. त्यातला बराच राग पैशाच्या जोरावर यंत्रणा वाकवली जाते याचा होता, आणि त्यावरचा उपाय यंत्रणा सरळ करण्यात आहे. वयोमर्यादा खाली आणली, तर तिची झळ ज्यांना वकीलही परवडत नाही अशा मुलांना आधी बसेल.

शिवाय तुरुंगाने काय साधतं? अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथल्या, गंभीर गुन्हे केलेल्या 1,354 किशोरांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. बहुतेकांचे गुन्हे कमी होत गेले, आणि जास्त काळ कोंडून ठेवल्याने त्यांचं वळण अधिक सुधारल्याचं दिसलं नाही. प्रौढ न्यायालयाकडे पाठवलेली मुलं पुन्हा हिंसक गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण उलट जास्त असतं, असं तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञ गटाने 2007मध्ये नोंदवलं.

म्हणून मूल्यमापनाच्या अहवालात पुढचे प्रश्न अनिवार्य असायला हवेत. त्या वेळी बरोबर कोण होतं, त्यांची वयं काय होती? मनात येणं आणि हात उचलणं यांत किती वेळ गेला? नशा होती का? घरात मारहाण होती का, शाळा कधी सुटली? पूर्वतयारी दिसते का? एकाच भेटीत याची उत्तरं मिळत नाहीत. मुलाला अनेकदा भेटावं लागतं, त्याच्या घरी जावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याच्या मंडळाला पूर्णवेळ, पगारी मानसशास्त्रज्ञ द्यावा लागतो.