गुहेच्या छतावरचं रान

केंटकीतल्या मॅमथ गुहेतल्या रातकिड्याचं शास्त्रीय वर्णन सॅम्युअल स्कडर यांनी 1861 मध्ये केलं. तेव्हाचं कुतूहल त्याच्या अंगकाठीचं होतं. पंख नाहीत, म्हणून किरकिरही नाही (मुका रातकिडा ही कल्पनाच चमत्कारिक!), मिशा मात्र अंगाहून कितीतरी लांब. पुढे 1907 मध्ये एमिल राकोविट्झा यांनी गुहेतल्या जिवांची कायमचे रहिवासी, आत-बाहेर दोन्हीकडे निभावणारे आणि पाहुणे अशी विभागणी पक्की केली. चरायला बाहेर जाणारा हा कीटक पाहुण्यांत गेला. वर्गवारी चूक नव्हती, पण तिच्यामुळे खरा प्रश्न मागे पडला. गुहेत उजेड नाही, म्हणून हिरवा पाला नाही. मग रहिवाशांना खायला घालतं कोण?

बरंचसं उत्तर 1970च्या दशकात टॉमस पोल्सन आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळालं. रातकिडा उबदार, दमट रात्री वरच्या जंगलात जातो, स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहूनही जास्त खातो आणि परतून छताला चिकटून कित्येक दिवस पचवत बसतो. त्याच्या विष्ठेवर बुरशी वाढते आणि बारीक किडे पोसले जातात. वाळूत घातलेली त्याची अंडी एक आंधळा भुंगेरा उकरून खातो. या भुंगेऱ्याची वीणही अंड्यांच्या हंगामाशी बांधलेली आहे. पाहुणाच घर चालवतो, असा हा प्रकार. यावर कुणी म्हणेल, पुराचं पाणी पालापाचोळा आणतं, वटवाघळं आहेत, मग एका किड्याला एवढं श्रेय कशाला? पण पूर खालच्या थरांपुरता; वरच्या कोरड्या भुयारांत तो पोचत नाही. वटवाघळांना मॅमथ गुहेच्या उद्यानात 2013 मध्ये पांढऱ्या नाकाच्या बुरशीरोगाने गाठलं आणि त्यांची संख्या घसरली.

पाहुणाच घर चालवतो, या समजुतीची कसोटी टेक्सासात लागली. ऑस्टिन परिसरातले पाच गुहावासी जीव 1988 मध्ये संकटग्रस्त ठरले. गुहेचं तोंड राखलं की काम झालं, असं वाटणं साहजिक होतं. पण 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेक्सासातल्याच एका गुहेतले रातकिडे तोंडापासून 105 मीटरपर्यंत चरताना आढळले. शिवाय दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लाल आगमुंग्या त्याच अन्नावर हक्क सांगतात. रातकिडा स्वतः संकटग्रस्तांच्या यादीत नाही, मग त्याच्या चराईसाठी महागडी जमीन का अडवायची, असा आक्षेप घेता येतो. मात्र यादीतल्या कोळी-भुंगेऱ्यांच्या अन्नातला मोठा वाटा त्याच्याच पोटातून येतो, तेव्हा राखीव क्षेत्राची हद्द तो रात्री जिथवर चरतो तिथवर न्यावीच लागते.