भूमि लागल्याची खूण

मानवरहित ड्रोन विमान भूमीस टेकतांच त्याचे पंखे थांबले पाहिजेत. पण तें टेकलें, हें यंत्रानें ओळखावें कसें? पंखे उशिरां थांबल्यास विमान उलथण्याचें भय; वेळेपूर्वीं थांबल्यास तें दगडासारखें कोसळणार.

एकाच खुणेवर विसंबणें किती घातक, हें ‘मार्स पोलर लँडर’ ह्या अमेरिकन यानाच्या नाशावरून दिसतें. ३ डिसेंबर १९९९ रोजीं तें मंगळावर उतरूं लागलें आणि पुन्हां बोललें नाहीं. चौकशीअंतीं २००० सालीं सर्वांत संभाव्य ठरलेलें कारण असें: सुमारें १,५०० मीटर उंचीवर पाय उलगडतांना बसलेल्या हिसक्यानें भूमिस्पर्शाचा खोटा संकेत निघाला व संगणकाच्या स्मृतींत तसाच राहिला. सुमारें ४० मीटरांवर तो विचारांत घेतला जातांच एंजिनें बंद पडलीं.

ड्रोनसाठीं प्रचलित असलेली ‘आर्डूपायलट’ प्रणाली एकाच साक्षीवर निर्णय देत नाहीं. विमान टेकल्यावर उतरण्याची आज्ञा चालूच असते, पण तें खालीं सरकत नाहीं. म्हणून प्रणाली पंख्यांचा जोर किमान मर्यादेपर्यंत घटविते. आकाशांत जोर इतका घटता, तर विमान वेगानें खालीं आलें असतें. म्हणून जोर किमान, उतरण्याचा वेग अल्प आणि त्वरणमापक स्थिर, ह्या तिन्ही खुणा सुमारें एक सेकंद एकत्र टिकल्या, तरच भूमि लागली असें ती मानते. क्षणिक हिसक्याला एवढा वेळ टिकतां येत नाहीं, भूमीला येतें.