आलेखाच्या मिशा आणि आमची बाजरी

आमच्या लोणी भापकरला पाऊस कमी आणि पावसाची चर्चा मात्र भरपूर. बारामती म्हटले की परक्या माणसाला ऊस आठवतो. पण तो नीरा डाव्या कालव्याखालचा भाग झाला. आमच्या जिराईत पट्ट्यात माणसे आभाळाकडे बघूनच पेरतात. त्यामुळे भूगोलाच्या प्रात्यक्षिकात पर्जन्याचा आलेख काढायची वेळ आली, तेव्हा मला वाटले, हा तर आपल्या घरचाच विषय! पण वही भरता भरता ध्यानात आले, की आलेख काढणे हे जितके शास्त्र आहे, तितकेच नटणे-मुरडणेही आहे.

स्तंभालेख प्रथम छापला तो विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने, १७८६ साली. आकड्यांच्या जंजाळात न शिरता व्यापाराची स्थिती एका नजरेत कळावी, हा त्याचा हेतू. हेतू उत्तम, पण जे एका नजरेत कळते, ते एका नजरेत फसवूही शकते.

पहिली युक्ती पाय कापण्याची. समजा, एका गावी ४८० मिलिमीटर पाऊस पडला आणि दुसऱ्या गावी ४९५. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. पण उभा अक्ष शून्याऐवजी ४७० पासून सुरू करा. एक स्तंभ १० घरांचा, दुसरा २५ घरांचा! पाहणाऱ्याला वाटावे, दुसऱ्या गावी अडीचपट पाऊस झाला. अक्षावरचे बारीक आकडे वाचतो कोण?

दुसरी युक्ती मिशांची. शोधनिबंधातील स्तंभांच्या डोक्यावर खालीवर जाणारी एक उभी रेघ असते. मापनांत किती चढउतार आहे किंवा सरासरी कितपत भरवशाची आहे, हे ती सांगते. मी तिला आलेखाची मिशी म्हणतो. ही मिशी प्रमाण विचलनाची असते किंवा प्रमाण त्रुटीची. निरीक्षणे २५ असली, तर दुसरी मिशी पहिलीच्या एक-पंचमांश भरते. कोरलेली मिशी अधिक रुबाबदार दिसणारच! मात्र ती कोणत्या जातीची, हे सांगायला काही संशोधक विसरतात.

तिसरी युक्ती 'प्रातिनिधिक' छायाचित्राची. शेकडो रोपांमधून जे सर्वांत टवटवीत, त्याचाच फोटो निबंधात झळकतो. स्थळाकडे पाठवलेला फोटो जितका प्रातिनिधिक, तितकाच हाही!

पण सर्वांत सभ्य चेहऱ्याची लबाड म्हणजे सरासरी. १९७३ साली फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच रचले. प्रत्येकात अकरा बिंदू. चौघांची सरासरी जवळजवळ तीच, त्यांतून जाणारी सरळ रेषाही तीच. आलेख काढले, तर एकात विखुरलेले ठिपके, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एकच बिंदू रांग सोडून पळालेला, तर चौथ्यात दहा बिंदू एका उभ्या रांगेत आणि एकटा दूर. म्हणजे नीट काढलेला आलेख लबाडी उघडीही पाडतो.

हे मी आजोबांना सांगितले. म्हटले, "आजोबा, पावसाची सरासरी भरली." ते म्हणाले, "आरं, भरली आसंल. पर बाजरी निसवायच्या टायमाला म्हैनाभर थेंब न्हाई, आन् बाजरी जळाल्यावर दोन रातीत समदा पडला. सरासरी दळून भाकरी व्हती व्हय रं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात आले, की केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळविषयक संहितेत एकूण तुटीबरोबरच तीन-चार आठवड्यांचा खंडही विचारात घेतला आहे. आजोबांचे म्हणणे शास्त्राच्या बाहेरचे नव्हते तर!

तेव्हा मित्रहो, आलेख दिसला की तीन प्रश्न विचारा : अक्ष शून्यापासून आहे काय? मिशी कशाची आहे? आणि सरासरीच्या आड कोणते ठिपके लपले आहेत?

आता एक कबुली. प्रात्यक्षिकाच्या वहीत मीही अक्ष ४७० पासूनच सुरू केला होता. त्यावर 'उत्तम' असा शेरा आहे. सर, हा लेख आपल्या वाचनात आला, तर गुण कमी करू नयेत, ही विनंती!