त्या चार दिवसांतील सहवास

गेल्या दिवाळीनंतर आमचा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन भेटीस आला. विवाहास जेमतेम तीन महिने झाले होते. क्षेमकुशल झाले, चहा झाला, तरी स्वारी उठेना. अखेर मान खाली घालून म्हणाला, "सर, डॉक्टरांकडे जायला धीर होत नाही. पाळीच्या दिवसांत नवरा-बायको जवळ आले तर पाप लागते का? काही रोग होतो का?" अधिक विचारता कळले ते असे : मागील महिन्यात त्या दिवसांत त्याने आग्रह धरला, पत्नी काही बोलली नाही, मौन म्हणजे होकार असे त्याने मानले. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाठ फिरवून रडताना दिसली.

पापाविषयी त्याने विचारले, रोगाविषयी विचारले. तिला काय वाटले असेल, हे मात्र विचारले नाही. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. संकोच वाटत नाही असे नाही, पण र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले, त्या भाषेच्या वाचकांनी आज इतक्या साध्या गोष्टीस लाजावे, हे बरे नव्हे.

आमच्या बालपणी इंदुरातील वाड्यांत घरची स्त्री "बाजूला बसली" की तिचे अंथरूण-पांघरूण वेगळे होई, आणि मुलांनी कारण विचारले तर "कावळा शिवला" हे ठरलेले उत्तर मिळे. धर्मशास्त्रांनी त्या दिवसांतील सहवास निषिद्धच ठरविला होता. त्या प्रथेत अपमान होता, यात शंका नाही. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी रोखठोक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर शतकानुशतके कोणी दिले नाही. तथापि त्या रूढीआड स्त्रीला दोन गोष्टी आपोआप मिळत : विश्रांती, आणि तोंडाने न उच्चारता दिलेला नकार. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात विटाळ गेला, हे उत्तम झाले. पण त्याबरोबर ती विश्रांती गेली आणि नकाराचा तो आडोसाही गेला. आता नकार किंवा होकार तिने स्वतः द्यावयाचा आहे, आणि पतीने तो ऐकावयाचा आहे. आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे.

आता शरीराविषयी. पाळीतील स्राव म्हणजे अशुद्ध रक्त नव्हे. गर्भधारणा झाली नाही म्हणजे गर्भाशयाचे आतील अस्तर सुटून रक्तासह बाहेर पडते, इतकेच. एका पाळीत जाणारे रक्त बहुधा ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते. दोघे निरोगी असतील आणि दोघांची मनापासून इच्छा असेल, तर त्या दिवसांतील समागमाने अपाय होत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. काही स्त्रियांना कामतृप्तीनंतर ओटीपोटातील कळा कमी झाल्यासारख्या वाटतात. काहींना स्पर्शही नकोसा होतो. दोन्ही स्वाभाविक आहे.

परंतु दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, या दिवसांत गर्भ राहत नाही. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. ज्यांचे चक्र एकवीस-बावीस दिवसांचे असते, त्यांचे स्त्रीबीज पाळी थांबताच थोड्या दिवसांत सुटू शकते. दुसरा, रक्तामुळे सर्व धुऊन निघते. वस्तुतः या काळात गर्भाशयाचे मुख किंचित उघडे असते आणि योनीतील रोगप्रतिबंधक आम्लताही कमी होते. शिवाय एचआयव्ही आणि 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू रक्तातून पसरतात. म्हणून निरोध वापरणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

सोयीच्या गोष्टी साध्या आहेत. पहिले एक-दोन दिवस स्राव अधिक असतो. ते टाळून पुढचे दिवस निवडता येतात. अंथरुणावर गडद रंगाचा जाड टॉवेल घालावा. आत घालण्याचे टॅम्पॉन किंवा कप वापरात असेल तर तो आधी काढावा. टॅम्पॉन आत विसरणे धोक्याचे असते. ओटीपोटावर भार येणार नाही अशी स्थिती असावी आणि दुखू लागल्यास तत्काळ थांबावे. नंतर बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता पुरे. साबण वा औषधी पाणी आत घालू नये. चादरीला डाग पडलाच तर तो थंड पाण्याने जातो. त्यासाठी कोणी तोंड लपविण्याचे कारण नाही.

समागमात प्रत्येक वेळी वेदना होत असतील, पाळी नसताना रक्त जात असेल, स्रावास दुर्गंधी असेल, ताप येत असेल किंवा तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे. अशा वेळी सहवास थांबविणे हेच योग्य. आणि समागम म्हणजेच जवळीक असेही नाही. गरम पाण्याची पिशवी भरून देणे, कंबर चोळून देणे, त्या दिवशी पोळ्या आपण लाटणे, यांतही पतीचे प्रेम पुरेपूर व्यक्त होते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, "पाप लागत नाही, आणि दोघे निरोगी असाल तर रोगही होत नाही. पण ती रडली, याची क्षमा आधी माग. पुढे विचारल्याखेरीज जवळ जाऊ नकोस, आणि ती गप्प राहिली तर त्याचा अर्थ 'नाही' असाच समज."

तो गेल्यावर आमच्याच मनास एक बोचणी लागून राहिली. इतकी वर्षे आम्ही मुलांस व्याकरण शिकविले, वृत्ते शिकविली. हे मात्र शिकविले नाही. मुलींना आई पाळीविषयी थोडेफार सांगते. मुलांना घरात कोण सांगते? वडिलांनी सांगितले पाहिजे, आणि लग्नपत्रिका छापण्यापूर्वी सांगितले पाहिजे.