इंजिन खोलण्याआधी वही उघडा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कांदा काढून झाला होता आणि ज्याच्या त्याच्या खळ्यावर गोण्या भरायची घाई चालली होती. दौंड तालुक्यात भीमाकाठी, पारगावच्या बाजूला माझा भाचा राहतो. त्याच्याकडे जुनी डिझेल पिक-अप आहे. घरचा कांदा, शेजाऱ्यांची भाजी, खताच्या गोण्या, ओला चारा, सगळे तीच वाहते. एका पहाटे त्याचा फोन आला.

"मामा, न्हावऱ्याच्या पुढे गाडी बंद पडली. चाकणला न्यायचा कांदा भरलाय. पंप झाला, नोझल झाले, आता इंजिनच बांधावे लागेल म्हणतात. दोन गाई काढाव्या म्हणतो."

गाई काढायची भाषा ऐकली आणि मी शिरूरहून तसाच निघालो. मी शेतीखात्यातला माणूस, मिस्त्री नव्हे. पण उसाचे पान पिवळे पडले की युरियाची गोणी ओतणारे शेतकरी मी आयुष्यभर पाहत आलो आहे. पान नत्राच्या कमतरतेने पिवळे पडते, मुळाशी पाणी साचले तरी पडते आणि चुनखडीच्या जमिनीत लोह मिळाले नाही तरी पडते. खूण एक, कारणे तीन. गाडीचेही तसेच आहे.

चार प्रश्न

गाडीला हात लावण्याआधी मी भाच्याला चार गोष्टी विचारल्या. दुखणे कधीपासून? बंद पडते ती एकदम की आचके देत? बंद पडल्यावर पुन्हा सुरू कशी होते? आणि दुखणे लागण्याआधी गाडीला शेवटचा हात कोणी, कुठे लावला?

तो म्हणाला, "आठ-दहा किलोमीटर झकास चालते. मग ताकद सोडते, आचके देते आणि बसते. पंधरा मिनिटे थांबलो की पहिल्या सेल्फला सुरू." धूर नेहमीचाच होता. ऑइल कमी होत नव्हते, पाणीही उकळत नव्हते.

इथेच मला शंका आली. झिजलेल्या पिस्टन रिंगा पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने बऱ्या होत नाहीत. विश्रांतीने बरे होणारे दुखणे बहुधा इंजिनाच्या पोटात नसते, ते डिझेलच्या वाटेवर असते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र भाच्याला आठवेना. ते सापडले सूनबाईच्या वहीत. डिझेल किती घातले, भाडे किती आले, गाडीला काय खर्च झाला, हे ती रोज लिहून ठेवते. तिने फोनवर वाचून दाखवले, "मामा, गाडी पहिल्यांदा बंद पडली त्याच्या तीन दिवस आधी टाकीच्या झाकणाला रबर बसवलेय. भरल्या गाडीत डिझेल सांडत होते ना, म्हणून."

झाकण काढले. सुस्स करून हवा आत ओढली गेली. दुखणे सापडले!

टाकीतले डिझेल जसे कमी होते, तशी तिची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ट्यूबचे रबर कापून बसवताना ते छिद्र बुजले होते. मग टाकीत पोकळी तयार व्हायची, पंपाला डिझेल ओढता यायचे नाही आणि गाडी बसायची. थांबल्यावर कुठून तरी हळूहळू हवा शिरायची, की गाडी पुन्हा सुरू. आम्ही रबर काढले, बारीक तारेने छिद्र मोकळे केले. शिक्रापूरवरून चाकणपर्यंत गाडी कुठेही थांबली नाही. उशीर झाला, पण माल त्याच दिवशी उतरला. गाई गोठ्यातच राहिल्या. पंप आणि नोझल यांवर गेलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

इंजिनाला काय लागते?

पुण्यात खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे विहिरी-विहिरींवर ऑइल इंजिनांचा ठोका ऐकू येऊ लागला. आमच्याही विहिरीवर एक होते. ते सुरू झाले नाही, की वडील आधी डिझेल पाहत, मग वाटेतली हवा काढत, मग हँडल फिरवून दाब बघत. पिक-अपचे डिझेल इंजिन त्याच घराण्यातले. त्याला तीनच गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. पहिल्या दोन तपासायला फार पैसे लागत नाहीत. तिसरी दुरुस्त करायची तर इंजिन खोलावे लागते. म्हणून क्रम उलटा करू नका.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा. ऊसतोडीच्या दिवसांत धूळ आणि पाचटाचा भुसा त्यात गच्च बसतो. हवा मारायची तर आतून बाहेर मारा. त्यानंतर नोझल.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइल पट्टीवरच्या खुणेपेक्षा जास्त भरले असेल, तरी असा धूर येऊ शकतो. तसे नसेल आणि दर फेरीला ऑइल कमी होत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची रबरे संशयित.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला, तर बहुधा न जळलेले डिझेल असते. हीटर प्लग तपासा. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो आणि रेडिएटरचे पाणी घटते, तर हेड गॅस्केटकडे बोट जाते.

पाणी आणि ऑइल

सकाळी इंजिन थंड असताना ऑइल पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. अशी गाडी चालवू नका, थेट मिस्त्रीकडे ओढून न्या.

इंजिन तापत असेल, तर आधी पंख्याचा पट्टा ढिला आहे का, रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला आहे का, हे पाहा. आपल्याकडे पुष्कळ बोअरचे पाणी जड आहे. ते रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातले की आत क्षार धरतात. कूलंट वापरा. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. त्या वाफेने तोंड भाजते. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

डिझेलची वाट

घरी पिंपात किंवा कॅनमध्ये डिझेल ठेवत असाल, तर तळाचे ओतू नका. तळाशी पाणी आणि गाळ बसतो. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेले पाणी अधूनमधून काढा. टाकी रिकामी होऊन गाडी बंद पडली असेल, तर जुन्या पद्धतीच्या पंपात हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते.

मात्र कॉमन रेल इंजिनाच्या डिझेल नळ्यांना घरी पाना लावू नका. त्यात दाब इतका असतो, की डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. त्या गाड्यांचे दुखणे यंत्र लावून वाचणाऱ्या मिस्त्रीलाच दाखवा.

मिस्त्रीकडे जाताना

चांगला मिस्त्री हा चांगल्या डॉक्टरासारखा, त्याला खरी हकीकत हवी असते. "गाडी बिघडली" एवढेच सांगू नका. कधी, किती किलोमीटरवर, भरलेली की रिकामी, धूर कसला, हे सांगा. इंजिन बांधायचे म्हटले, तर आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. चालू इंजिनाच्या ऑइलच्या तोंडातून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील, म्हणजे मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल आणि मोजलेला दाबही कमी भरला, तर इंजिनाचे काम खरेच आले आहे. तेव्हा मागेपुढे पाहू नका. बदललेले सुटे भाग परत मागून घ्या.

आणि आजच एक वही घाला. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल, आणि कोणी काय बदलले, एवढेच लिहायचे. जनावरांच्या दुधाचा हिशेब आपल्या घरातल्या बायका चोख ठेवतात, त्याच वहीचे मागचे पान गाडीला द्या. भाच्याच्या घरी ते एक पान दोन गाईंच्या मोलाचे ठरले.