उजेडावर जगणारें घड्याळ



माझ्या लहानपणीं आमच्या घरांत एकच मनगटी घड्याळ होतें आणि त्याला रोज सकाळीं किल्ली देण्याचा मान वडिलांचा होता. किल्ली द्यावयाची राहिली तर घड्याळ थांबे, आणि चूक कोणाची याविषयीं वाद उरत नसे. पुढें सेलवर चालणारीं घड्याळें आलीं. तीं दोन-तीन वर्षें निमूटपणें चालत व सेल संपतांच बंद पडत. आतां पुष्कळांच्या मनगटावर जें सूर्यशक्तीचें घड्याळ दिसतें, तें थांबलें म्हणजे मात्र दोष कोणाचा हें कोणासच कळत नाहीं, आणि बहुधा बिचाऱ्या घड्याळावरच आळ येतो. मीं शाळेंत गणित शिकविलें. घड्याळजीच्या धंद्याची मला दीक्षा नाहीं. तरी या आळाची चौकशी मला करावी लागली. ती कां, तें ओघानें सांगतों.

प्रथम या घड्याळाची रचना. जपानांतील सिटिझन कंपनीनें १९७६ सालीं सूर्यशक्तीवर चालणारें, कांटे असलेलें पहिलें घड्याळ बाजारांत आणलें. त्याच्या तबकडीवर प्रकाशापासून वीज करणारे काळसर तुकडे उघड दिसत. आज ते दिसत नाहींत, कारण तबकडीच किंचित् पारदर्शक केलेली असते आणि तिच्याखालीं सिलिकॉनचा पातळ थर दडलेला असतो. त्या थरांत निर्माण झालेली वीज एका लहानशा, पुनःपुन्हां भरतां येणाऱ्या सेलमध्यें सांठते. त्यास आपण संचयघट म्हणूं. स्फटिकाचीं सेकंदास ३२,७६८ कंपनें आणि कांट्यांची हालचाल या घटांतील सांठ्यावर चालते. म्हणजे कांटे उजेडावर फिरत नाहींत, शिलकेवर फिरतात. उजेड ही केवळ आवक होय. ही शिल्लक पूर्ण असेल तर पुष्कळ घड्याळें अंधारांतहि सहा महिने किंवा त्याहून अधिक चालतात. वेळेच्या अचूकपणांत तर सेलच्या घड्याळाशीं यांचा कांहींच भेद नाहीं. महिन्यास पंधरा सेकंदांच्या आंतबाहेर चूक, ही दोघांची सामान्य मर्यादा.

मग तीं थांबतात कां? कॅसिओच्या एका घड्याळाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत, दिवसाचा खर्च भागविण्यास रोज किती उजेड लागतो याचें कोष्टक आहे. उजेडाचें माप लक्स. मेणबत्तीपासून एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, तो सुमारें एक लक्स. आतां कोष्टक पाहा. बाहेरच्या उन्हांत, म्हणजे ५०,००० लक्समध्यें, ५ मिनिटें पुरतात. खिडकींतून येणाऱ्या उन्हांत, १०,००० लक्समध्यें, २४ मिनिटें. ढगाळ दिवशीं खिडकीशीं, ५,००० लक्समध्यें, ४८ मिनिटें. आणि घरांतील नळीच्या दिव्याच्या ५०० लक्समध्यें आठ तास. हे आंकडे पाहतांच माझ्यांतला जुना मास्तर जागा झाला. हें सरळ व्यस्त प्रमाणाचें उदाहरण आहे! लक्स आणि मिनिटें यांचा गुणाकार प्रत्येक वेळीं अडीच लक्षांच्या जवळपास येतो. तेव्हां पुस्तिकेनें न दिलेली ओळ आपणच मांडूं. उजेड १०० लक्स असेल तर वेळ किती? २,४०० मिनिटें, म्हणजे चाळीस तास. दिवस तर चोवीस तासांचा! प्रत्यक्षांत इतक्या मंद प्रकाशांत वीज याहूनहि कमीच निघते. प्रत्येक घड्याळाचे आंकडे निराळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

माझ्या नातवाच्या फोनवर उजेड मापण्याची सोय आहे. ती फार काटेकोर नसावी. पण आमच्या मधल्या खोलींत दिवा लावून पाहिला तर आंकडा शंभराच्या आंतच राहिला. याच खोलींत मी रोज रात्रीं वर्तमानपत्र वाचतों आणि मला उजेड कमी वाटत नाहीं. मेख येथेंच आहे. भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लक्ष लक्स उजेड असतो. तरी डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, नेत्रपटलहि आपली संवेदना बदलतें, आणि हजारपट फरक आपणांस पुष्कळच लहान भासतो. घड्याळाला अशी समजूत घालून घेतां येत नाहीं. जी खोली आपणांस उजळ वाटते, तींत तें उपाशी असतें. याच न्यायानें आषाढांतील काळें आभाळहि त्याचा शत्रु नव्हे. पावसाळी दुपारीं ओसरीवर कित्येक हजार लक्स उजेड असतो. शत्रु म्हणजे लांब बाही, टेबलाचा खण आणि कपाट.

माझें घड्याळ विद्यार्थ्यांनीं मला निवृत्तीच्या दिवशीं दिलें होतें. मी पूर्ण बाहीचा सदरा घालणारा, बहुतेक घरींच असणारा. रात्रीं घड्याळ खणांत. तिसऱ्या हिवाळ्यांत त्याचा सेकंद-कांटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारूं लागला. हा बिघाड नव्हता. भूक लागल्याची ती खूण होती; या जातीच्या पुष्कळ घड्याळांत ती मुद्दाम ठेवलेली असते, आणि तेवढ्यांत वेळहि चुकत नाहीं. पण पुस्तिका मीं उघडलीच नव्हती. तालुक्याच्या गांवीं एका दुरुस्तीवाल्याकडे गेलों, त्यानें संचयघट काढून साधा सेल बसविला, आणि मी समाधानानें घरीं आलों. साधा सेल भरण्यासाठीं केलेला नसतो. वरून वीज आंत रेटली जात राहिली, सेल गळला, आणि वर्षाच्या आंत यंत्र गंजून गेलें. त्या गृहस्थास मी काय बोलणार? ज्याच्या हातीं पुस्तिका होती तोच निरक्षर राहिला.

तेव्हां कांटा उड्या मारूं लागला तर घड्याळजीकडे धांवण्यापूर्वीं तें खिडकींत उताणें ठेवावें. तावदानांतून येणारें सकाळचें ऊन उत्तम. मोटारींत पुढच्या कांचेखालीं किंवा तापणाऱ्या दिव्याला लावून मात्र ठेवूं नये. ६० अंशांपलीकडची उष्णता घटाला व यंत्राला बाधते. जास्त भरेल ही भीति नको. जादा भरणें रोखण्याची व्यवस्था आंत असते. घट अमर नाहीं; पुष्कळ वर्षांनीं त्याची धारणशक्ति ओसरते, आणि मग त्याच जातीचा घट बसवावा लागतो. पाणी अडविणारें रबरी कडें तर उजेडावर जगत नाहीं. घट नवा असला तरी तें आपल्या गतीनें जुनें होतच असतें.

गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बहिणीनें मला एक डबी आणून दाखविली. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वीं वारले. तेव्हांपासून त्यांचें घड्याळ त्या डबींत होतें. दुकानदारानें तें मेलें म्हणून सांगितलें होतें, आणि आंतील सेल बदलूं का, असें विचारलें होतें. "दादा, तुला काय वाटतं?" असें तिनें विचारतांच मला माझें गंजलेलें घड्याळ आठवलें. इतके दिवस रिता राहिलेला घट पुन्हां भरेलच असें नसतें, हें मीं तिला आधींच सांगितलें. मग तें पूर्वेच्या खिडकींत ठेवलें. दोन दिवस कांहीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं नऊच्या सुमारास कांटा हलला. दोन सेकंद, मग थांबणें, मग पुन्हां दोन सेकंद. संध्याकाळीं तो परत थांबला. तेव्हां आणखी आठवडाभर तें तेथेंच राहूं दिलें, आणि नंतर कांटा एकेक सेकंदानें चालूं लागला. बंद घड्याळावर सव्वाचार वाजले होते. ती वेळ बहिणीनें एका कागदावर लिहून घेतली आणि मगच मला कांटे फिरवूं दिले. आतां तें भाच्याच्या हातांत असतें. आखूड बाहीचे सदरे घालण्याची त्याला मुळांतच आवड आहे.